रामशास्त्री प्रभुणे यांची न्यायाधीशी

पुणे प्रांतांतील खुटबावसारख्या गांवीं वतनाचा तंटा उपस्थित झाला, म्हणजे तो प्रथम गोतसभेपुढें येई. तेथील निवाडा मान्य न झाल्यास वादी हुजूर फिर्याद नेई. हुजुरांतील न्यायाधीशीवर माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांची नेमणूक १७५९ सालीं, बाळकृष्णशास्त्री गाडगीळ यांच्या मृत्यूनंतर झाली. १७५१ पासून ते पेशव्यांच्या शास्त्रीमंडळांत होते. सबब ही निवड पारखलेल्या विद्वत्तेची होय, असें आम्ही समजतों. नेमणूक व वेतन मात्र पेशव्यांच्याच हातीं. असें असतां नारायणरावाच्या १७७३ मधील खुनाबद्दल शास्त्र्यांनीं राघोबादादांस दोषी ठरविलें व पद सोडलें. पुढें बारभाईंच्या कारभारांत ते परतले. १७८९ सालीं वारले. संग्राहकांनीं घरोघरचीं निवाडपत्रें जपावीं. शास्त्र्यांचें नित्याचें काम त्यांतच दिसेल.