मुक्या ‘के’चें कूळ

इंग्रजी शिकूं लागलेल्या आपल्या मुलांस जे शब्द प्रथम रडवितात, त्यांत ‘के’ आणि ‘एन्’ या दोन अक्षरांनीं आरंभ होणाऱ्या पांच अक्षरी शब्दांचा मान मोठा आहे. नाइफ म्हणजे सुरी, नील म्हणजे गुडघे टेकणें, नीड म्हणजे कणीक तिंबणें, नॉक म्हणजे दार ठोठावणें, नेल म्हणजे मृत्युघंटेचा नाद, नोल म्हणजे टेकाड आणि नेव्ह म्हणजे लबाड मनुष्य. लिहितांना प्रत्येकाच्या दाराशीं ‘के’ उभा. बोलतांना त्याचा मागमूस नाहीं. ‘हा कशाला?’ असें मुलानें विचारलें तर ‘तो सायलेंट आहे, पाठ कर’ एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. उत्तर खोटें नव्हे. पण हा ‘के’ जन्मतः मुका नव्हता, हें त्यांत सांगावयाचें राहून जातें.

अँग्लो-सॅक्सन लोकांच्या तोंडीं हे शब्द ‘क्न’ अशा स्पष्ट जोडाक्षरानेंच निघत. त्या काळीं तो ध्वनि ‘सी’ या अक्षरानें लिहीत. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर लेखनाचें काम फ्रेंच वळणाच्या लेखकांच्या हातीं गेलें, आणि पुढें या शब्दांत ‘सी’च्या जागीं ‘के’ येऊन बसला. सुरीचा शब्द तर मूळचा इंग्रजीही नव्हे. उत्तरेकडील समुद्रावरून आलेल्या नॉर्स लोकांनीं तो आणला. इंग्रजीची सख्खी बहीण जी जर्मन, तिनें आपला ‘के’ अद्यापि सोडलेला नाहीं. गुडघ्यास जर्मन मनुष्य आजही ‘क्नी’ म्हणतो.

कॅक्स्टननें १४७६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला, तेव्हां हा ‘के’ बोलता होता. छापखान्यामुळें शब्दांचीं रूपें हळूहळू गोठूं लागलीं. जीभ मात्र कोणाच्या खिळ्यांनीं बांधली जात नाहीं. सतराव्या शतकाच्या ओघांत सुशिक्षितांच्या बोलण्यांतून ‘के’ गळत गेला. डॉक्टर जॉन्सननें १७५५ सालीं आपला कोश प्रसिद्ध केला, त्यांत ‘एन्’च्या आधींच्या ‘के’ला आतां ध्वनि उरलेला नाहीं अशी नोंद आहे, तरी ते शब्द त्यानें ‘के’सहच छापले. यांत सर्वांत अन्याय झाला तो ‘नॉक’वर. दारावर थाप पडली कीं होणाऱ्या आवाजाचीच तो शब्द नक्कल होता. ‘क्नॉक’ म्हणून पाहावें, लांकडावर पडलेलें बोट ऐकूं येतें. ‘नॉक’मध्यें तें दार उशीनें झांकल्यासारखें वाटतें.

‘नेव्ह’ची कथा याहून करुण आहे. मूळ अर्थ केवळ मुलगा. मग चाकरीचा पोऱ्या, मग हलका मनुष्य आणि शेवटीं लुच्चा. पत्त्यांच्या डावांत मात्र त्याचा मधला अर्थ शाबूत राहिला, आणि आपण त्याच पानास ‘गुलाम’ म्हणतों, हें अगदीं यथार्थ आहे. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्यें पिप या पानास ‘जॅक’ म्हणतो म्हणून एस्टेला त्याची कुचेष्टा करते. याच्याच जोडीचा, पण एका अक्षरानें लांब, असा दुसरा शब्द ‘नाइट’. त्याचाही अर्थ मुळांत पोरगा, चाकर असाच होता. परंतु तो शस्त्र धरून राजाच्या पदरीं राहिला आणि सरदार झाला. जर्मनींतील त्याचा भाऊ मात्र अजून शेतावर गडीच आहे.

सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें मूळ एक असावें असें प्रतिपादन केलें. पुढें १८२२ सालीं याकोब ग्रिमनें वर्णांच्या फेरबदलाचा नियम मांडला. त्यानुसार मूळचा ‘ग’ जर्मन कुळांतील भाषांत ‘क’ होतो. म्हणून लॅटिन ‘गेनु’, ग्रीक ‘गोनु’ आणि इंग्रजी ‘नी’ हे एकच. आणि आजानुबाहु या शब्दांतला आपला ‘जानु’ही तोच. ‘जाणलेलें’ या अर्थाचा इंग्रजी ‘नोन’ हा आपल्या ‘ज्ञात’चा चुलतभाऊ ठरतो.

आणि येथें आपणांस इंग्रजांकडे पाहून हंसण्याची सोय राहत नाहीं. ‘ज्ञ’ म्हणजे ज् आणि ञ. पण मराठी मनुष्य म्हणतो ‘द्न्य’, हिंदी ‘ग्य’ आणि गुजराती ‘ग्न’. लिहावें एक आणि वाचावें दुसरें, हा दोष आपल्याही घरीं नांदतो. प्राकृत बोलणाऱ्यांनीं मात्र निराळा मार्ग धरला. त्यांच्या तोंडीं ‘ज्ञ’मधला ‘ज’ गळाला आणि लेखणीही निमूटपणें जिभेमागून गेली. राज्ञीची राणी झाली, आज्ञेची आण झाली, विज्ञप्तीची विनंती झाली. म्हणजे पत्त्यांच्या जोडांत इंग्रजांच्या गुलामानें आणि आपल्या राणीनें सारखेंच कांहीं गमावलें आहे. फरक इतकाच कीं राणीनें आपली जुनी खूण पुसून टाकली.

दोहोंपैकीं शहाणपण कोणाचें? मुलांच्या कष्टांचा विचार केला तर प्राकृताचें. मराठींतले न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ सालच्या महामंडळाच्या नियमांनीं काढून टाकले, तेव्हां पोरांचें एक ओझें खचित कमी झालें. (प्रस्तुत लेखक ते संवयीनें अजून घालतो, हा भाग निराळा.) परंतु इंग्रजींतून ‘के’ काढावा तर सरदार आणि रात्र, गांठ आणि नकार यांच्या शब्दांत डोळ्यांना भेद दिसणार नाहीं. शिवाय तो गेला तर ‘नोन’ आणि ‘ज्ञात’ यांचें नातें मुलांस दाखवावें कसें? माझ्या मतें तो राहावा. मात्र शिक्षकानें त्याचें कूळ सांगण्यास पांच मिनिटें खर्चावीं.

एके ठिकाणीं तर हा मुका अजून बोलतो. ‘अ‍ॅक्नॉलेज’ हा शब्द उच्चारून पाहावा. आधीं एक स्वर येऊन बसल्यामुळें ‘क’ला टेकावयास जागा मिळाली आणि ‘क्न’ची ती जुनी जोडी तेथें आजही कानांवर पडते. लॅटिन भाषेंतही असेंच घडलें: आरंभींचा ‘ग’ ‘नोस्को’मधून गेला, पण ‘कोग्नोस्को’च्या मध्यांत टिकून राहिला.