खिडकीवर खिडकी: एकाच पडद्यावर दोन कामांचा इतिहास

१/ मोबाइलच्या कोपऱ्यात एखादी मुलाखत लहान होऊन चालू राहते आणि उरलेल्या पडद्यावर माणूस निरोप लिहितो. कधी पडदा मधोमध विभागतो, वर नकाशा आणि खाली गप्पा. ही सोय आता अंगवळणी पडली आहे. ती हातातल्या फोनपर्यंत येण्याआधी मात्र एक कोर्टकचेरी झाली, काही चांगल्या कल्पना बासनात गेल्या आणि पडद्याचा मालक नेमका कोण, हा प्रश्न वारंवार उपस्थित झाला. त्या प्रश्नाच्या इतिहासाचा हा थ्रेड.

२/ एकाच पृष्ठभागावर दोन गोष्टी शेजारी मांडून वाचण्याची गरज संगणकाने निर्माण केलेली नाही. संस्कृत हस्तलिखितांत ‘त्रिपाठ’ नावाची मांडणी आढळते: मधोमध मूळ ग्रंथ, वर आणि खाली बारीक अक्षरांत टीका. चारही बाजूंनी टीका आली की ती ‘पंचपाठ’. मुळावरची नजर न हलवता भाष्य पाहता यावे, एवढाच हेतू. युरोपात १५८८ साली आगोस्तिनो रामेल्ली या इटालियन अभियंत्याने अनेक ग्रंथ एकाच वेळी उघडे ठेवणाऱ्या फिरत्या चाकाचे चित्र छापले. वाचक बसल्या जागी चाक फिरवणार आणि हवा तो ग्रंथ समोर आणणार. आजच्या भाषेत हे ॲप बदलणे झाले. त्रिपाठ पोथी मात्र थेट पडदाविभाजनाच्या जवळ जाते.

३/ संगणकाच्या बाबतीत आरंभबिंदू म्हणून बहुधा एकच दिवस सांगितला जातो. ९ डिसेंबर १९६८. सॅन फ्रान्सिस्कोतील एका संगणक परिषदेत डग्लस एंगलबार्ट सुमारे हजार श्रोत्यांसमोर बसले आणि त्यांनी दीड तासाचे प्रात्यक्षिक दिले. माउस, दुव्यांनी जोडलेला मजकूर, एकाच दस्तऐवजावर दोघांनी केलेले काम, हे सारे त्यात होते. याच प्रात्यक्षिकात पडद्याच्या एका भागात मजकूर आणि दुसऱ्या भागात सुमारे ५० किलोमीटर दूर मेन्लो पार्कमध्ये बसलेले सहकारी बिल पॅक्स्टन यांचा हलता चेहरा दिसला. दोघे एकमेकांशी बोलत त्याच मजकुरावर काम करत होते.

४/ येथे एक तपशील हमखास गाळला जातो. ती ‘चित्रातील चित्रे’ संगणकाने रचलेली नव्हती. संगणकाच्या पडद्यांवर दूरचित्रवाणीचे कॅमेरे रोखलेले होते, ती दृश्ये सूक्ष्मलहरींच्या दुव्याने सभागृहात येत होती, आणि बिल इंग्लिश व त्यांचे सहकारी पडद्यामागे, स्टुडिओत करावे तसे, दृश्यांचे मिश्रण करत होते. ती खिडकी संगणकाला ठाऊकच नव्हती! कल्पना आधी आली. ती पेलणारे यंत्र नंतर.

५/ दूरचित्रवाणीत हे काम खऱ्या अर्थाने अंकीय झाले ते १९७० च्या दशकात. चालू चित्र लहान करून दुसऱ्यात बसवायचे, तर आधी त्याची संपूर्ण चौकट स्मृतीत साठवावी लागते, आणि त्या काळी स्मृती हीच सर्वांत महाग वस्तू होती. ब्रिटनच्या क्वांटेल कंपनीच्या ‘फ्रेमस्टोअर’ यंत्राने ते साधले आणि १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात मोठ्या दृश्याच्या आत ज्योतीचे जवळचे दृश्य दिसले. पुढे हीच सोय घरगुती संचांत उतरली. मात्र दोन वाहिन्या एकदम पाहायच्या तर संकेत पकडणारी दोन यंत्रणा लागत, त्यामुळे ती बराच काळ महागड्या संचांची मिरवण्याची बाब राहिली.

६/ संगणकाच्या खिडक्यांची खरी जन्मभूमी म्हणजे कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क ही प्रयोगशाळा. १९७३ चा आल्टो संगणक, त्याचा उभा पडदा, आणि त्यावर ॲलन के व डॅन इंगल्स यांची स्मॉलटॉक प्रणाली. के यांचा युक्तिवाद साधा होता. पडदा लहान आहे, टेबलही लहानच असते. पण टेबलावर कागदांवर कागद ठेवता येतात आणि हवा तो वर काढता येतो. खिडक्या एकमेकींवर चढू द्या, म्हणजे लहान पडदाही मोठा होईल.

७/ गंमत अशी, की झेरॉक्सने १९८१ मध्ये ‘स्टार’ हा संगणक बाजारात आणला तेव्हा स्वतःच्याच प्रयोगशाळेतील ही कल्पना बाजूला ठेवली. रचनाकारांच्या पाहण्यात आले होते की लोक खिडक्या सरकवण्यात बराच वेळ घालवतात, आणि तोही बहुधा त्या एकमेकींवर येऊ नयेत म्हणून. म्हणून स्टारवरील दस्तऐवजांच्या खिडक्या फरशांसारख्या शेजारी-शेजारी बसत. फरशी की कागदांची चळत? हा वाद तेव्हापासून आजतागायत मिटलेला नाही. मोबाइलवरील विभाजित पडदा हा फरशीपंथाचा वारस आहे आणि कोपऱ्यातले तरंगते चित्र हा चळतपंथाचा.

८/ १९७९ च्या अखेरीस ॲपलची मंडळी पार्कला भेट देऊन गेली. त्यांच्यात बिल ॲटकिन्सन होते. एक खिडकी दुसरीखाली अर्धवट झाकलेली असतानाही तिचा दिसणारा भाग आपोआप पुन्हा रेखाटला जातो, असे तेथे पाहिल्याचा त्यांचा समज झाला. पार्कच्या मंडळींना ते जमत असणारच, मग आपल्यालाही जमले पाहिजे, या जिद्दीने त्यांनी ‘रीजन’ नावाची पद्धत शोधली: कोणत्याही वेड्यावाकड्या आकाराचा दृश्य भाग अतिशय कमी स्मृतीत नोंदवायचा आणि तेवढाच रंगवायचा. नंतर कळले की पार्कमध्ये तसे काही नव्हतेच. नजरेच्या गफलतीतून लागलेल्या शोधांची यादी केली, तर हा बराच वर येईल.

९/ ही पद्धत ॲटकिन्सन यांच्या डोक्यात किती भिनली होती, याचा एक किस्सा ॲपलच्या जुन्या मंडळींत प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत त्यांच्या मोटारीला गंभीर अपघात झाला. स्टीव्ह जॉब्स रुग्णालयात धावले, तेव्हा ॲटकिन्सन यांनी त्यांना धीर दिला तो याच शब्दांत: काळजी नको, रीजन अजून लक्षात आहेत.

१०/ १९८३ चा लिसा आणि २४ जानेवारी १९८४ चा मॅकिंटॉश ही त्या परिश्रमांची फळे. मॅकिंटॉशचा पडदा ९ इंची, स्मृती अवघी १२८ किलोबाइट. खिडक्या अनेक, पण मोठा प्रोग्रॅम एका वेळी एकच. त्याला अपवाद होता गणकयंत्र, घड्याळ, टिपणवही अशा छोट्या साधनांचा. ती चालू कामावर अलगद तरंगत. आजच्या फोनवरील तरंगत्या खिडकीचा पूर्वज शोधायचा असेल, तर दूरचित्रवाणीइतकेच या टिपणवहीकडेही पाहावे लागते.

११/ मायक्रोसॉफ्टने प्रणालीचे नावच ‘विंडोज’ ठेवले. मात्र २० नोव्हेंबर १९८५ ला आलेल्या पहिल्या आवृत्तीत प्रोग्रॅमच्या खिडक्या फरशांसारख्याच बसत. त्या प्रकल्पावरील स्कॉट मॅकग्रेगर हे झेरॉक्स पार्कमधूनच आलेले होते. डिसेंबर १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर चढल्या आणि मार्च १९८८ मध्ये ॲपलने दावा ठोकला. १९८५ च्या करारान्वये पहिल्या आवृत्तीतील घटकांना मुभा होती. परस्परांवर येणाऱ्या खिडक्या त्या मुभेत बसत नाहीत, हा वादाचा एक मुद्दा होता. १९९४ मध्ये अपील न्यायालयानेही ॲपलच्या विरोधात कौल दिला. खिडकीवर खिडकी ठेवण्याच्या कल्पनेवर कोणाची मालकी सांगता येणार नव्हती.

१२/ आणि मग ९ जानेवारी २००७ ला आयफोन आला. ३.५ इंची पडदा, ३२० बाय ४८० बिंदू, आणि एका वेळी एकच ॲप, तेही पडदाभर. चाळीस वर्षांत कमावलेली खिडकी एका फटक्यात दिसेनाशी झाली. यात अविचार नव्हता. बोटाचे टोक माउसच्या बाणापेक्षा कितीतरी जाड, बॅटरी लहान, स्मृती तुटपुंजी. शिवाय एका वेळी एकच काम समोर असल्यामुळे संगणकाला बिचकणारी माणसे फोनला बिचकली नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या संज्ञांमध्ये मात्र ‘विंडो’ हा शब्द तसाच राहिला. वापरणाऱ्याला ती दिसत नव्हती, इतकेच.

१३/ पडदे वाढू लागले तसा दबावही वाढला. मे २०१२ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस ३ सादर केला. त्यात ‘पॉप अप प्ले’ होते: चलच्चित्र लहान चौकटीत तरंगत ठेवून बाकीचे काम करता येई. त्याच वर्षी ५.५ इंची नोट २ आला आणि पाठोपाठ त्यावर दोन ॲप शेजारी उघडण्याची सोयही. पण ती निवडक ॲपपुरती. कारण ही सगळी खटपट सॅमसंगची स्वतःची होती, मूळ अँड्रॉइडला तिचा पत्ता नव्हता.

१४/ याच सुमारास ऑनस्क्रीन नावाच्या एका छोट्या कंपनीने ‘कॉर्नरस्टोन’ हा मुक्त प्रकल्प पुढे आणला. टॅबलेटच्या पडद्यावर अनेक ॲप एकत्र चालवण्याची ती व्यवस्था होती आणि सायनोजेनमॉड हा स्वयंसेवकांचा लोकप्रिय अँड्रॉइड अवतार ती स्वीकारण्याच्या बेतात होता. तेव्हा गूगलच्या अभियंत्या डायेन हॅकबॉर्न यांनी जाहीरपणे विनंती केली की असे करू नका. त्यांचे म्हणणे असे, की हजारो ॲप पडदा आपल्या एकट्याचा आहे असे गृहीत धरून लिहिलेली आहेत. त्यांना न विचारता अर्ध्या जागेत कोंबले तर ती मोडतील आणि दोष ॲप लिहिणाऱ्याच्या माथी येईल. अनेक उत्साही वापरकर्ते यावर रागावले. युक्तिवाद मात्र खोटा नव्हता.

१५/ तो का खोटा नव्हता, हे समजण्यासाठी थोडे खोलात जावे लागते. अँड्रॉइडवर ॲपच्या अवस्था ठरलेल्या असतात. समोर असेल तेव्हा ‘चालू’, काहीसे मागे सरकले की ‘स्थगित’, पूर्ण दिसेनासे झाले की ‘थांबलेले’. एका पडद्यावर एकच ॲप असे, तेव्हा स्थगित होणे म्हणजे लवकरच अदृश्य होणे, असे सर्वांनी धरून चालले होते. म्हणून चलच्चित्र दाखवणारी कित्येक ॲप स्थगित होताच चित्र थांबवत. आता पडदा दुभागला, की दोन्ही ॲप दिसतात. पण ‘चालू’ असते ते बोटाने शेवटचे स्पर्शलेले. दुसरे डोळ्यांसमोर असूनही स्थगित! वर व्याख्यान आणि खाली वही उघडावी, वहीला हात लावावा, आणि व्याख्यान गोठावे, असा तो प्रकार.

१६/ गूगलने विभाजित पडदा मूळ अँड्रॉइडमध्ये आणला तो २२ ऑगस्ट २०१६ ला, सातव्या आवृत्तीत. सोबत ॲपकर्त्यांना सूचना होती: स्थगित झाल्यावर चित्र थांबवू नका, पूर्ण दिसेनासे झाल्यावर थांबवा. आकार बदलू द्यायचा की नाही, हे जाहीर करण्याची मुभाही ॲपला होती. दिसणारी दोन्ही ॲप खरोखर एकाच वेळी ‘चालू’ ठेवण्याची व्यवस्था रूढ होऊ लागली ती २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून. ॲपलने आपला विभाजित पडदा आणि चित्रातील चित्र २०१५ मध्येच दिले होते, पण आयपॅडवर.

१७/ तरंगत्या खिडकीची कथा मात्र वेगळ्या वळणाची आहे, आणि तिच्यात धोकाही आहे. अँड्रॉइडवर ‘इतर ॲपवर रेखाटण्याची’ परवानगी पूर्वीपासून होती. २०१३ मध्ये फेसबुकच्या मेसेंजरचे गोल चेहरे पडद्यावर तरंगू लागले ते तिच्याच बळावर. पण जे वर तरंगते ते खालचे झाकूही शकते. खाली परवानगीचे बटण, वर निरुपद्रवी दिसणारे चित्र. बोट चित्रावर पडते, होकार मात्र खालच्या बटणाला जातो. २०१७ मध्ये जॉर्जिया टेक आणि सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी ‘क्लोक अँड डॅगर’ या नावाने दाखवून दिले की ही परवानगी आणि दिव्यांगांसाठी असलेली सुलभता-सुविधा एकत्र केली, तर मालकाच्या नकळत फोनचा ताबा घेता येतो.

१८/ २१ ऑगस्ट २०१७ ला आलेल्या आठव्या आवृत्तीत दोन गोष्टी एकदम घडल्या, आणि त्या एकत्रच वाचायला हव्यात. ॲपच्या तरंगत्या खिडक्यांना प्रणालीच्या महत्त्वाच्या खिडक्यांवर येण्यास बंदी झाली. आणि फोनवर अधिकृत ‘चित्रातील चित्र’ सुरू झाले. या अधिकृत चौकटीत चित्र ॲपचे असते, पण चौकट प्रणालीची: ती हलवणे, मोठी करणे, बंद करणे हा व्यवहार प्रणाली पाहते, आणि त्यावरील स्पर्श थेट ॲपला पोहोचत नाही. सोय मिळाली, ती अधिकार काढून घेऊन.

१९/ आयफोनला हे मिळायला १६ सप्टेंबर २०२० उजाडावा लागला. ते टाळेबंदीचे वर्ष होते. महाराष्ट्रात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमाचे दुवे व्हॉट्सॲपवरून घरोघरी पोहोचत होते आणि कित्येक घरांत फोन एकच होता. त्याच एका पडद्यावर तास, त्याच पडद्यावर स्वाध्याय. खिडकीची गरज कोणाला असते, याचे उत्तर तोवर उद्योगी अधिकाऱ्याच्या जाहिरातीतून मिळत आले होते. त्या वर्षी ते सहावीतल्या मुलाने दिले.

२०/ यूट्यूबने तर या चौकटीला किंमतच लावली. अमेरिकेतील प्रेक्षकांना बऱ्याचशा चित्रफितींसाठी ती विनामूल्य मिळाली, तेव्हा भारतासह इतर देशांत ती दीर्घकाळ पैसे भरणाऱ्या सदस्यांपुरती राखलेली होती. फोन तोच, प्रणाली तीच, फरक केवळ देशाचा. आयफोनवर दोन ॲप शेजारी उघडणारा विभाजित पडदा तर पुढेही कित्येक वर्षे आलाच नाही.

२१/ ५ जून २०२५ ला बिल ॲटकिन्सन यांचे वयाच्या ७४ व्या वर्षी निधन झाले. चारच दिवसांनी, ९ जूनला, ॲपलने आयपॅडची नवी प्रणाली जाहीर केली. तिच्यात खिडक्या हव्या तशा ओढता येतात, लहानमोठ्या करता येतात आणि एकमेकींवर चढवता येतात.