हिंगोलीच्या पलटणीचा पगार कुणाच्या खिशातून?

हिंगोलीत आजही पत्ता सांगताना लोक पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा असं सहज बोलून जातात. रिसाला म्हणजे घोडदळ. पण ही फौज नेमकी कुणाची असं विचारलं, की उत्तर येतं, "निजामाची." ते अर्धंच खरं आहे. माझं संशोधन उरलेल्या अर्ध्यावर चाललंय, म्हणून जरा उलगडून सांगतो.

ईस्ट इंडिया कंपनीने हैदराबाद राज्य लढून जिंकलं नाही. आधी तैनाती फौज आली. तिच्या खर्चापोटी 1800 मध्ये निजामाने बळ्ळारी, कडपा वगैरे मुलूख कंपनीला देऊन टाकला. हिशेब इथेच मिटायला हवा होता, नाही का? पण पुढे रेसिडेंट हेन्री रसेलने याशिवाय आणखी एक फौज उभी केली, रसेल ब्रिगेड. तीच वाढत हैदराबाद कंटिन्जंट झाली. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा आणि पगार निजामाच्या तिजोरीतून. हिंगोली हे तिचं एक ठाणं.

तिजोरीत रोकड नसायची. मग हैदराबादची विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी पगारासाठी पैसे पुरवायची, व्याज शेकडा 25 च्या आसपास. पुढे पेढी बुडाली, फौज मात्र राहिली, आणि थकबाकी थेट कंपनीच्या नावे चढू लागली. मी मूळचा विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे मला यात एक चक्र दिसतं. फौज ठेवायला कर्ज, कर्ज फेडायला वाढीव सारा, साऱ्यामुळे बंडाळी, आणि बंडाळी मोडायला पुन्हा तीच फौज. अशा चक्राला बाहेरून फार ढकलावं लागत नाही.

बंडाळी म्हणजे काय, तेही जवळचंच उदाहरण आहे. नांदेडच्या उत्तरेला नोव्ह्याच्या गढीत हटकर नाईक नोवसाजी ठाण मांडून होता. जानेवारी 1819 मध्ये मेजर पिटमनने गढीला वेढा घातला आणि 31 तारखेला ती घेतली. आतले चारशेहून अधिक लोक मारले गेले. 'नोव्हा' हे नाव पुढे या पलटणींना युद्धसन्मान म्हणून मिळालं. आपल्याच शिवारातली कत्तल निशाणावर मिरवली गेली, आणि खर्च पुन्हा रयतेच्या साऱ्यातून!

1853 साली थकबाकी 50 लाखांच्या घरात गेली. लॉर्ड डलहौसीने तगादा लावला आणि वऱ्हाड, रायचूर दोआब, धाराशिव हे जिल्हे फौजेच्या खर्चासाठी लिहून घेतले. बाकीचे 1860 मध्ये परत मिळाले, वऱ्हाड नाही. वऱ्हाडात कापूस होता, आणि लवकरच अमेरिकेतल्या यादवीमुळे मँचेस्टरच्या गिरण्या कापसासाठी तळमळू लागल्या. अखेर 1902 मध्ये कर्झनने वर्षाला 25 लाखांवर वऱ्हाड कायमचं भाड्याने घेतलं. पैनगंगेच्या पलीकडचा पुसद-वाशीम भाग इंग्रजी अमलात, अलीकडची हिंगोली निजामाकडे. विदर्भ आणि मराठवाडा यांच्यातली जी रेघ आज आपण जन्मजात धरून चालतो, तिच्यामागे हे पगाराचं बिल आहे. इसापूर धरणाच्या पाण्यावर बोलताना हे कुणाला आठवत नाही, ते सोडा.

1903 मध्ये कंटिन्जंट ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्या तुकड्या त्याआधीच, 1885-87 मध्ये, ब्रह्मदेश जिंकायला जाऊन आल्या होत्या. नोव्हेंबर 1914 मध्ये 98 वी पलटण पूर्व आफ्रिकेत टांगा बंदरावर उतरली. तिथे जर्मन गोळ्यांबरोबर चिडलेल्या मधमाश्यांनीही तिला पळवलं. जुलै 1916 मध्ये डेक्कन हॉर्सने फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर भाले घेऊन घोडे घातले.

ती 98 वी मूळची एलिचपूरच्या, म्हणजे अचलपूरच्या नवाबाने 1788 मध्ये उभारलेली. आज ती भारतीय सैन्यात आहे, कुमाऊँ रेजिमेंटची चौथी बटालियन. 1947 मध्ये बडगामला मेजर सोमनाथ शर्मा लढले ते हिच्यातूनच.