बनी चाऊ

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये कोपऱ्यावरच्या साध्याशा खानावळीत ‘बनी’ मागवली, की पोखरलेल्या पावात झणझणीत मटण किंवा घेवड्याच्या दाण्यांचा रस्सा येतो. सशाचा इथे काही संबंध नाही. बनी म्हणजे आपला बनिया, हीच व्युत्पत्ती सर्वाधिक मानली जाते. मूळ संस्कृत ‘वणिज्’. त्यावरूनच मराठीत ‘वाणी’ आला.

१८६० पासून तिथल्या नाताळ वसाहतीतल्या उसाच्या मळ्यांवर भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, आले, मागोमाग स्वखर्चाने गुजराती व्यापारी. त्यांना बनिया म्हणत, मग त्यांच्याकडचं खाणंही त्याच नावाने चालू लागलं. ‘चाऊ’ हे बोलीतलं खाणं. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांना बहुतेक उपाहारगृहांत बसता येत नसे. हा पाव हातात घेऊन बाहेर पडता येई.

या वाण्याने बरंच जग फिरून घेतलंय. पोर्तुगीजांमार्फत तो इंग्रजीत ‘बॅनियन’ झाला, वडाच्या झाडाला चिकटला आणि कपड्यांतही शिरला. आपल्या अंगातला बनियनही त्याच घराण्यातला!

डर्बनकर आता ‘चाऊ’ सहसा गाळतात, पुष्कळदा ‘बनी’सुद्धा. गल्ल्यावर नुसतं ‘क्वार्टर मटन’ म्हटलं की पुरतं. मराठीत सांगायचं तर पावाचा पाव.