हिरवळीचा हट्ट आणि वाळवंटाचा कायदा

'लास वेगास' या स्पॅनिश नावाचा अर्थ कुरणे. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील मोहावी वाळवंटात वसलेल्या नगराला हे नाव थट्टेने दिलेले नव्हे. तेथे भूगर्भातून झरे उसळत आणि त्यांच्या ओलाव्यावर गवत वाढे. १९०५ साली रेल्वे कंपनीने जमिनीचा लिलाव करून नगर वसविले. ते वाढत गेले, भूजलाचा उपसा वाढला आणि १९६२ साली झऱ्यांचे पाणी भूपृष्ठावर येईनासे झाले. नैसर्गिक कुरणे सुकली. घरोघरी मात्र नळाच्या पाण्यावर कृत्रिम कुरणे पसरू लागली होती.

घरापुढे कापलेल्या गवताचा गालिचा असावा, ही कल्पना इंग्लंडच्या ओल्या हवेतली. १८७० साली फ्रँक स्कॉट यांनी उपनगरी बागांविषयीच्या आपल्या ग्रंथात तिची महती गायिली आणि अमेरिकेच्या पूर्व भागात ती रुजली. दुसऱ्या महायुद्धानंतर उभ्या राहिलेल्या वसाहतींत तर गवत वेळच्या वेळी कापणे हे रहिवाशाचे कर्तव्य ठरले. पश्चिमेकडे स्थलांतर करणाऱ्यांनी हा रिवाज बरोबर नेला. पाऊस काही नेता आला नाही. लास वेगासला वर्षाकाठी अवघा १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गंमत अशी की, उष्ण प्रदेशांतील हिरवळीसाठी तिकडे जे 'बर्म्युडा' गवत लावतात, ती आपली हरळीच. गणपतीला एकवीस दूर्वा पुरतात. तेथील बंगलेवाल्याला मात्र अंगणभर हवी असत.

या हौसेला खरा पायबंद घातला तो कोलोरॅडो नदीच्या हिशेबाने. १९२२ च्या करारानंतर १९२८ साली झालेल्या कायद्यान्वये नेवाडाच्या वाट्याला वर्षाला ३ लाख एकर-फूट पाणी आले. त्या वेळी लोकवस्ती विरळ होती. वाटा तोकडा आहे असे कोणास वाटले नाही. पुढे गणित कठीण झाले. घरात वापरलेले सांडपाणी शुद्ध करून मीड सरोवरात परत सोडले की तेवढे पाणी राज्याला पुन्हा उचलता येते. अंगणात शिंपलेले पाणी मात्र बाष्प होऊन हिशेबातून कायमचे वजा होते. म्हणजे न्हाणीघरातील उधळपट्टी एक वेळ परवडते, बागेतील परवडत नाही. हे उमजल्यावाचून पुढील नियमांचे मर्म कळत नाही.

१९९१ साली दक्षिण नेवाडा जल प्राधिकरण स्थापन झाले. १९९९ पासून, गवत उपटून वाळवंटी झाडे लावणाऱ्या घरमालकास ते चौरस फुटामागे रोख रक्कम देऊ लागले. प्राधिकरणाच्या मोजणीनुसार एक चौरस फूट हिरवळ वर्षाला सुमारे २७५ लिटर पाणी पिते. वाळवंटी बाग ६५ लिटरांत भागविते. २००३ च्या सुमारास, दुष्काळाच्या दडपणाखाली, नव्या घरांच्या पुढील अंगणात गवत लावण्यास मनाई झाली. एकीकडे काही गृहसंघांच्या करारांत हिरवळीचा आग्रह होता, दुसरीकडे जलखाते ती उपटण्यासाठी पैसे देत होते. या कात्रीतून घरमालकाची सुटका करण्यासाठी, कमी पाण्याच्या बागेला गृहसंघाने मनाई करू नये, असे राज्याला कायद्यानेच सांगावे लागले.

शेजारच्या ॲरिझोनाची वाट याहून जुनी आहे. तेथे देशी वनस्पतींच्या रक्षणाचा कायदा १९२९ सालचा. सग्वारोसारखा संरक्षित निवडुंग आपल्याच जमिनीवर उभा असला, तरी तो हलविण्यापूर्वी कृषिखात्यास कळवावे लागते. नेवाडा पाण्याच्या टंचाईतून जेथे पोहोचला, तेथे ॲरिझोना वनस्पतींविषयीच्या आस्थेतून आधीच पोहोचला होता.

२०२१ साली नेवाडाने आणखी एक पाऊल टाकले. कार्यालयांपुढील, रस्त्यांमधील, नुसत्या शोभेच्या हिरवळीला ३१ डिसेंबर २०२६ नंतर कोलोरॅडोचे पाणी देऊ नये, असा कायदा झाला. स्वतंत्र घरांची अंगणे त्यातून वगळली. तेथे सक्तीपेक्षा अनुदानावर भिस्त ठेवली. त्या अनुदानाची एक अट विशेष शहाणपणाची वाटते: रोपे पूर्ण वाढल्यावर निम्मी जागा तरी पानांनी झाकली गेली पाहिजे. नुसती खडी पसरून आणि पाणी वाचविल्याचे समाधान मिरवून ते पैसे मिळत नाहीत.