फराळ जपून, आनंद भरभरून!

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत घराघरांत फराळाचे डबे भरलेले असतात. पहाटेच्या अभ्यंगस्नानानंतरची पहिली करंजी, पाहुण्यांसोबतचा चिवडा, पाडव्याचे गोडाधोडाचे जेवण आणि बहिणीच्या हातचा लाडू, यांतले काहीच नाकारण्याजोगे नसते. मात्र सणाची धामधूम ओसरली की अपचन, आम्लपित्त, वाढलेले वजन आणि बिघडलेली रक्तशर्करा या तक्रारी डोके वर काढतात. थोडे भान ठेवले, तर हे सहज टाळता येते.

बदललेला काळ, तोच फराळ

एके काळी लाडू-चकलीचे दर्शन वर्षातून एकदाच होई. शेतीची आणि घरातली अंगमेहनतही भरपूर असे. आता हे पदार्थ बाराही महिने दुकानात मिळतात आणि शहरी माणसाचा दिवस खुर्चीत जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, तर आणखी १३ कोटी ६० लाख जण मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. साहजिकच, दिवाळीचा फराळ हा आता अनेक घरांत पथ्याचाही विषय झाला आहे.

‘थंडीत सगळे पचते’ असा युक्तिवाद दिवाळीत हमखास होतो. पण आश्विन-कार्तिक हा आयुर्वेदानुसार शरद ऋतू. जठराग्नी प्रबळ होतो तो त्यानंतरच्या हेमंतात. शरदात पित्ताचा प्रकोप होतो, म्हणून तेलकट पदार्थ आणि दिवसाची झोप टाळावी, असे चरकसंहिता सांगते. पहाटे उठून फराळ करायचा आणि दुपारी ताणून द्यायची, हा दिवाळीतला परिपाठ नेमका याच्या उलट आहे.

लाडवाचा हिशेब

साधारण ४० ग्रॅम वजनाच्या बेसन लाडवात १३ ते १४ ग्रॅम साखर आणि सुमारे १० ग्रॅम तूप असते. म्हणजे एका लाडवातून अंदाजे २०० उष्मांक मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारे उष्मांक दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावेत. ते ५ टक्क्यांच्या आत ठेवता आले तर अधिक चांगले. दोन हजार उष्मांकांच्या आहारात हे ५ टक्के म्हणजे अवघी २५ ग्रॅम साखर. दोन लाडवांतच ही मर्यादा ओलांडली जाते. चहा, करंजी आणि मिठाई त्यानंतरची.

तिखट पदार्थ निर्धोक आहेत, असेही नाही. दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पोटात जावे, अशी शिफारस आहे. येता-जाता मूठमूठ चिवडा आणि शेव खाताना ही मर्यादा कधी ओलांडली जाते, ते कळतही नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

मधुमेहींनी काय करावे?

संध्याकाळी पोटभर खाता यावे म्हणून दिवसभर उपाशी राहणे, ही सर्वांत धोकादायक चूक. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची रक्तशर्करा अशा वेळी एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, धडधड किंवा गोंधळल्यासारखे वाटू लागले, तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. अशा वेळी लाडू उपयोगाचा नाही, कारण तुपामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोहोचते. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

‘शुगर फ्री’ मिठाईतही खवा, तूप आणि मैदा असतोच. गूळ आणि खजूरही रक्तशर्करा वाढवतात. औषधे स्वतःहून कमी-जास्त करू नयेत. गोड खायचेच असेल, तर जेवणातील पोळी-भात कमी करून अर्धा लाडू खावा आणि जेवणानंतर १५ मिनिटे चालावे.

कढईपासून काळजी

तेल पुरेसे तापलेले नसेल, तर चकली तेल पिते. तेलातून धूर येऊ लागला, तर तेलाचा दर्जा उतरतो. तळून उरलेले, काळपट आणि दाट झालेले तेल पुन्हा वापरू नये. खाद्यव्यावसायिकांसाठी अशा तेलातील घातक घटकांची २५ टक्क्यांची मर्यादा १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरात मात्र हे भान गृहिणीलाच ठेवावे लागते.

सुटी मिठाई घेताना ‘कोणत्या तारखेपर्यंत खाण्यास योग्य’ याची पाटी पाहावी. १ ऑक्टोबर २०२० पासून ती लावणे दुकानदारांवर बंधनकारक आहे. खव्यात पिठाची भेसळ असल्याची शंका आल्यास थोडा खवा पाण्यात उकळून गार करावा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. निळा रंग आल्यास पिष्टमय पदार्थाची भेसळ समजावी.

हे लक्षात ठेवा

- फराळ हे जेवणानंतरचे तोंडीलावणे नव्हे; तो न्याहारीच्या जागी घ्यावा.
- डबा समोर न ठेवता छोट्या बशीत वाढून घ्यावे.
- उरलेल्या जेवणांत ताक, मुगाची खिचडी, पालेभाज्या आणि फळे असावीत.
- पाहुण्यांना सरबताऐवजी पाणी, ताक किंवा बिनसाखरेचा चहा विचारावा.

आग्रह हा मराठी पाहुणचाराचा आत्मा. पण ज्याला पथ्य आहे, त्याचा नकार पहिल्याच शब्दाला मान्य करणे, हेही आतिथ्यच आहे. यजमानांनी एवढे जपले, तर भाऊबीजेनंतर डॉक्टरांच्या दारात रांग लावण्याची वेळ पुष्कळांवर येणार नाही.