पट्टा आणि तेवीस मजले

मुंबईच्या नरिमन पॉइंटला एअर इंडियाची 23 मजली इमारत 1974 ला उभी राहिली. समुद्र बुजवून काढलेली जमीन सरकारची, कंपनीला पट्ट्यानं दिलेली. म्हंजे मालकीण म्हणवणारी स्वतःच कूळ! वरचे मजले तिनं बँका-कंपन्यांना भाड्यानं दिले. 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटात माणसं मेली ती इथंही. 2013 ला मुख्यालय दिल्लीला गेलं. इकडं 2012 च्या आगीनंतर मंत्रालयाला जागा पुरेना, म्हणून 2023 ला राज्य सरकारनं हीच इमारत 1601 कोटींत घ्यायचं ठरवलं. वर कंपनीकडचं 298 कोटींचं येणंही सोडलं.

मित्रांनो, 6 डिसेंबर 1964 आठवा. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात आपले बाप-आजे तुरुंगात गेले, ते पडीक-गायरानाच्या पट्ट्यासाठीच. शब्द तोच. वऱ्हाडात गायरान कसणाऱ्याच्या त्यासाठी तहसिलीत अजून चकरा चालू आहेत.